अंतर, हवा, वजन

समोरच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं आणि टॅक्सी ऑफिसातले आठवडाभराच्या फेऱ्यांचे कागद खिडकीतून थेट रस्त्यावर गेले. या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं.

पहिल्या दोन वेळा तिने निमूटपणे कागद गोळा केले होते. एक गटाराच्या कडेवरून, एक दुधाच्या गाडीच्या काचेवरून, आणि एक सायकलवरून जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरून; तो बिचारा पुढच्या चौकापर्यंत कागद पाठीला चिकटवूनच गेला होता. या खेपेला मात्र तिचा पारा चढला. हातातला फोन तिने नीट पुरा केला, गिऱ्हाइकाला गाडीचा नंबर सांगितला, बॅग खांद्याला अडकवली आणि चुरगळलेले कागद मुठीत धरून रस्ता ओलांडला. काय काय बोलायचं ते तिने मनात अगदी क्रमवार लावून ठेवलं होतं.

समोरची ती पत्र्याची शेड पूर्वी बटाट्याचं गोदाम होती. महिन्यापूर्वी तिच्या कपाळावर 'हवाई रुग्णवाहिका' अशी अक्षरं रंगवली गेली, आणि रंगाऱ्याचा अंदाज चुकल्यामुळे शेवटचा 'का' कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेला होता. आत मातीचा वास अजून होताच. मधोमध एक मोठा लोखंडी वजनकाटा, भिंतीवर फळा, आणि फळ्यासमोर पाठमोरा उभा एक उंच तरुण, कानावर खडू अडकवलेला.

"या. उशीर झाला तुम्हाला," तो न वळताच म्हणाला. "वजन किती?"

"काय?"

"वजन. तुमचं."

तिने क्रमवार लावलेली वाक्यं जागच्या जागी बसली. "तुम्ही... पहिल्या भेटीत हे विचारता? सगळ्यांना?"

"पहिल्या भेटीतच विचारावं लागतं. हवेत गेल्यावर विचारून काय उपयोग?" त्याने काट्याकडे बोट केलं. "उभ्या राहा. बॅग हातातच असू दे, बॅगेसकट लागतं."

ती काट्यावर का चढली, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. तिची आई अजूनही विचारते. तो इतक्या सहजपणे म्हणाला होता, की पाय आपोआप उचलला गेला, एवढंच.

"अठ्ठावन्न," त्याने वाकून काटा वाचला आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. "छान. लोक दोन-चार किलो कमी सांगतात. लोकांचं आम्ही ऐकतो, हेलिकॉप्टर ऐकत नाही."

"मी काहीच सांगितलेलं नाही," ती काट्यावरूनच म्हणाली. "मी समोरच्या टॅक्सी ऑफिसातून आलेय. भांडायला."

तेव्हा कुठे तो वळला. आधी तिच्याकडे बघितलं, मग मुठीतल्या कागदांकडे, मग पुन्हा तिच्याकडे... आणि त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. तेवढ्यात दारातून धापा टाकत खरी नवी नर्स आत आली आणि म्हणाली, "माफ करा, बस चुकली."

त्यानंतर तिने दहा मिनिटं भांडण केलं. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणते कागद उडाले आणि त्यामुळे कोणत्या गिऱ्हाइकाला किती वेळ उन्हात उभं राहावं लागलं, ते एकामागून एक सांगितलं. कॅप्टन (तो पायलट होता, हे तिला एव्हाना कळलं होतं) मान खाली घालून ऐकत होता. आतल्या खोलीच्या दारात एक पांढऱ्या केसांच्या बाई केव्हापासून उभ्या होत्या. त्या मोठ्या डॉक्टर. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनीच हा सगळा खटाटोप उभा केला होता. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

"तू टॅक्सी ऑफिसात काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"चौदा गाड्या सांभाळते. फोन घेते, गाडी पाठवते."

"फोनवर कुणी रडत असलं तर?"

"आधी पत्ता विचारते. मग रडू देते."

बाईंनी कॅप्टनकडे बघितलं. "सोमवारपासून ही आपल्या कंट्रोल रूममध्ये," त्या म्हणाल्या, आणि मग आठवल्यासारखं तिला विचारलं, "चालेल ना तुला?"

*

सोमवारी बाईंनी तिला नकाशासमोर उभं केलं. डोंगरात विखुरलेली चाळीस गावं, मोठ्या हॉस्पिटलला जाणारा एकच रस्ता, आणि तो जायचा त्या उंच खिंडीतून. गाडीने चार तास. हवेतून बावीस मिनिटं.

"कॉल आला की तू सगळं विचारायचंस," बाई म्हणाल्या. "पण पायलटला सांगायच्या फक्त तीन गोष्टी. अंतर, हवा, वजन. रुग्ण कोण, किती वर्षांचा, काय झालंय, यातलं अक्षर सांगायचं नाही. रुग्णाचं वजन कायम ऐंशी सांगायचं, मग तो पैलवान असो की तान्हं बाळ."

"का?"

"लहान मूल आहे म्हटलं की माणूस वादळातही निघतो. आणि मग एकाच्या जागी पाच जातात. त्याने हवा बघून हो किंवा नाही म्हणायचं. तो हो म्हणाला की मग डॉक्टरला दुसऱ्या फोनवर सगळं सांग."

हा नियम तिने एकदाच मोडला, तो तिसऱ्या महिन्यात, एकही शब्द न मोडता. चार वर्षांची एक मुलगी माळ्यावरून पडली होती. तिने अंतर सांगितलं, हवा सांगितली... वारा इतका होता की नाही म्हणायलाच हवं होतं. मग ती म्हणाली, "वजन ऐंशी." तो 'ऐंशी' जरा बारीक निघाला, एवढंच. कॅप्टनने ऐकलं आणि उडाला. मुलगी वाचली. पण परतताना वाऱ्याने हेलिकॉप्टर असं काही ढकललं, की शेपटीला झाडाची फांदी घासून गेली. हेलिकॉप्टरची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीमामांनी शेपटीवरून हात फिरवला आणि अडकलेली पानं एकेक करून काढली.

"शब्द नियमात होते तुझे," बाई संध्याकाळी तिला म्हणाल्या. "आवाज नव्हता."

तिने कानाला खडा लावला. त्या दिवसापासून ती घरी रोज तासभर मोठ्याने वाचायला लागली: बसचं वेळापत्रक, कपड्याच्या साबणाच्या पाकिटावरच्या सूचना, वीजबिलामागचा मजकूर. सगळं एका सुरात. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "अगं, कुणी गेलं की काय? असं काय बोलतेस?" पण सहा महिन्यांत तिने तो आवाज कमावला. सपाट, स्वच्छ. त्यातून काही हाती लागणं शक्य नव्हतं.

आणि कॅप्टनने तो मोडायचा विडाच उचलला.

"कंट्रोल, खाली नदी काय दिसतेय म्हणून सांगू..." रुग्णाला सोडून रिकामा परतताना तो रेडिओवर म्हणायचा.

"नोंद घेतली."

"कंट्रोल, तळ्यावरून बगळे उठलेत. शंभर तरी असतील. तुम्ही बघायला हवे होते."

"बगळ्यांची उंची सांगा."

"कंट्रोल, तुम्ही कधी हसता का?"

"ड्युटीनंतर."

आणि बटण सोडल्यावर ती तोंडावर ओढणी दाबून हसायची, इतकी, की शेजारच्या खोलीतून मिस्त्रीमामा विचारायचे, "काय झालं हो?"

ड्युटीनंतर ती दोघं शेडच्या मागच्या कट्ट्यावर चहा प्यायची. तिथे मात्र तिचा खरा आवाज असायचा, आणि तो ऐकायला कॅप्टन रोज काहीतरी निमित्त काढायचा. कधी पेन परत द्यायचं, कधी न घेतलेलं पेन मागायचं. एकदा त्याने वडिलांबद्दल सांगितलं. ते खिंडीपलीकडच्या सगळ्यात वरच्या गावात मधाच्या पेट्या सांभाळतात. "बाबा म्हणतात, माणसाने जमिनीवरून चालावं. माझ्या हेलिकॉप्टरमुळे त्यांच्या माश्या बुजतात. मी उडायला लागल्यापासून धड बोलत नाहीत माझ्याशी." तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "एकदा तरी त्यांनी वर बसून बघावं... बाकी काही नको."

तिला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिने त्याचा रिकामा कप उचलला आणि विसळायला नेला. प्रेमात पडल्यावर माणसं काय काय विसळतात, त्याला गणती नाही.

*

खरं तर त्या सेवेला पंख फुटले ते तिच्यामुळे, असं बाई सगळ्यांना सांगायच्या. हवामान खात्याकडून यायचा तो सगळ्या जिल्ह्याचा अंदाज. पण धुकं तर बसायचं नेमकं खिंडीत. पहिल्याच हिवाळ्यात तिने तिच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना फोन लावले. "चार नंबर, कुठे आहात? खिंडीत? पुढच्या वळणावरचा पांढरा दगड दिसतो का?" दिसला तर हवा ठीक. अर्धाच दिसला तर थांबायचं. चौदा टॅक्सीवाले, चौदा जोडी डोळे, आणि तिचा नकाशा मिनिटामिनिटाला खरा व्हायला लागला. उगाच नाकारलेली उड्डाणं कमी झाली. वर्ष सरता सरता दुसरं हेलिकॉप्टर आलं, आणि शेजारच्या खोऱ्यातली माणसं चौकशीला येऊन बसायला लागली.

अशाच एका संध्याकाळी कॅप्टन परतत होता. हवा मोकळी होती, वारा पडलेला.

"कंट्रोल," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं... उतरल्यावर कॉफी प्यायला याल? म्हणजे, माझ्याबरोबर. आजच असं नाही. म्हणजे आजही. आणि... उद्याही. रोजच. कायमची, असं म्हणायचंय मला."

तिच्या छातीत असं काही धडधडलं, की हेडफोनमधूनही ऐकू जाईल असं वाटलं. तिने बटण दाबलं. आणि तिच्या तोंडून त्या कमावलेल्या, सपाट, स्वच्छ आवाजात आलं:

"नोंद घेतली. वारा पश्चिमेचा, आठ. उतरा."

पलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. मग, "उतरतो."

दीड वर्ष घासूनपुसून बसवलेला आवाज असा नको तिथे कामाला आला. ती बाहेर धावली तोवर त्याने कागदांवर सही केली होती आणि मोटारसायकल फाटकाबाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी तिने काही बोलायला तोंड उघडलं, तर तो इतक्या अदबीने "बोला, कंट्रोल" म्हणाला, की तिने त्याला नुसती वाऱ्याची दिशा सांगितली. कट्ट्यावरचा चहा बंद झाला. अदब ही फार वाईट गोष्ट. भांडता येत नाही तिच्याशी.

असे अकरा दिवस गेले.

*

बाराव्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"हेलिकॉप्टरवाले का?" एका बाईचा आवाज, धाप लागलेला. "आमचे हे... पेट्यांपाशी खाली बसलेत. छातीत दुखतंय म्हणतात. घामाने भिजलेत नुसते."

"कोणत्या पेट्या, काकू?"

"मधाच्या गं."

तिच्या हातातलं पेन थांबलं. सगळ्यात वरचं गाव. मधाच्या पेट्या. वय विचारलं, सहासष्ट. बोलतायत का, हो. शुद्ध आहे का, हो. तिने सगळं क्रमवार विचारलं. "काकू, त्यांना आडवं करू नका. पाठीला उशी देऊन बसतं ठेवा. चालू देऊ नका."

"तू ती कंट्रोलची मुलगी ना?" काकूंचा आवाज फुटला. "आमचा मुलगा सांगायचा तुझ्याबद्दल. त्याला सांग गं, बाबांना होतंय म्हणून. तो कसाही येईल."

तो कसाही येईल. हेच तर तिला माहीत होतं.

"मी आहे, काकू," ती म्हणाली. "फोन जवळ ठेवा."

तिने चार नंबरला फोन लावला. तो खिंडीतच होता. पांढरा दगड? "दगड कसला, माझ्याच गाडीचं नाक दिसत नाहीये," तो म्हणाला. "पण अलीकडे उतारावर लख्ख आहे."

तिने रेडिओचं बटण दाबलं. एका श्वासापुरतं डोळे मिटले. बसचं वेळापत्रक, साबणाचं पाकीट, वीजबिल.

"कॅप्टन, कॉल आहे. मैदान एकतीस. अंतर चौतीस किलोमीटर. हवा: खिंडीत दाट धुकं, दहा मीटरही दिसत नाही. वजन ऐंशी."

मैदान एकतीस म्हणजे वरच्या पाच गावांचं मैदान. त्यातलं एक त्याचं. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग त्याने जे दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"कंट्रोल... कोण आहे?"

तो ऐकत होता. तिला कळत होतं, तो शब्द ऐकत नव्हता, तिचा श्वास ऐकत होता. तिथे एवढासा तडा गेला असता तरी तो त्या धुक्यात शिरला असता, डॉक्टर आणि नर्सला घेऊन.

"तीन गोष्टी सांगितल्या, कॅप्टन," ती म्हणाली. "हो की नाही?"

"...नाही. खिंड बंद आहे. नाही जमणार."

तिने रजिस्टरमध्ये लिहिलं: नऊ चौदा. नाही.

तो शब्द कागदावर वाळत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. वर एक म्हातारा माणूस घामाने भिजत बसला होता. त्याच्या मुलाने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं होतं, आणि ते त्याला संध्याकाळी कळणार होतं. मग तो पुन्हा कधी उडेल? पुन्हा कधी तिचा आवाज ऐकू शकेल? डोळ्यांसमोर नकाशा होता आणि त्यावरचा काळा रस्ता... चौदा गाड्यांचा, तिच्या रोजच्या सवयीचा रस्ता.

हेलिकॉप्टर धुक्यात जाऊ शकत नाही. चार नंबर जाऊ शकतो. तो त्या खिंडीत तीस वर्षं गाडी चालवत होता.

"चार नंबर, गाडी वळवा," ती फोनवर म्हणाली. "वरच्या गावात जायचं, मधाच्या पेट्यांच्या घरी. वाटेत आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना ऑक्सिजनसकट घ्या, मी त्यांना सांगते. रुग्णाला बसवून अलीकडे उतारावर आणा. जुन्या लाकडाच्या वखारीचं आवार, माहितीये ना? तिथे."

"धुक्यात?"

"धुक्यात. हळू, पण थांबू नका."

"डोळे मिटून आणतो," चार नंबर म्हणाला. "तसंही तेच करतोय सकाळपासून."

तिने वखारीच्या राखणदाराला फोन करून आवारातले सुटे पत्रे बांधायला लावले. वाऱ्यासाठी कुंपणावर एक रुमाल बांधायला सांगितला आणि तो किती हलतो ते विचारलं. तासाभराने चार नंबर रुग्णाला घेऊन खिंडीपर्यंत परत आला, तेव्हा पुन्हा रेडिओ.

"कॅप्टन, कॉल आहे. नवं मैदान, लाकडाची वखार. अंतर एकवीस. हवा स्वच्छ, चार किलोमीटरपर्यंत दिसतंय, वारा पाच. वजन ऐंशी. रुग्ण गाडीने तिथे येतोय."

तो म्हणाला, "हो. जातो."

दहा एकतीस. हेलिकॉप्टर उठलं, पत्रे थरथरले. तिने डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर सांगितलं: पुरुष, सहासष्ट, छातीत दुखतंय. नाव सांगितलं नाही. उडवणारा हात अजून स्थिर राहायला हवा होता.

चार नंबरची गाडी धुक्यातून बाहेर आली तेव्हा हेलिकॉप्टर वखारीवर घिरट्या घालत होतं. "उतरलो," रेडिओवर आलं. मग काही नाही. एक मिनिट. दोन. ती टेबलाची कड घट्ट धरून बसली होती.

"कंट्रोल." तो आवाज कॅप्टनचा वाटत नव्हता. "रुग्ण... घेतला. निघतो."

"नोंद घेतली," ती म्हणाली. आवाज जागचा हलला नाही. पेन मात्र खाली पडलं होतं आणि तिने ते उचललंच नाही.

बाराच्या आत मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची बंद पडलेली नळी मोकळी झाली. तिथल्या डॉक्टरांनी बाईंना फोन करून सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर हात टेकले असते. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती कंट्रोल रूमचं दार लावून मनसोक्त रडली. आधी पत्ता, मग रडू. तिचाच नियम होता.

बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "हे दुसऱ्या कुणासाठी केलं असतंस?"

"आजपर्यंत सुचलं नव्हतं," तिने खरं ते सांगितलं. "उद्यापासून सगळ्यांसाठी करीन."

आणि केलं. तिने रजिस्टरमध्ये 'नाही'च्या पुढे एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: 'मग काय?' तो रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नवा नियम. शाळांची मैदानं, गिरण्यांची आवारं, टॅक्सी, जीप, दुधाच्या गाड्या... चार महिन्यांत अशी बावीस ठिकाणं ठरली, जिथे रस्ता आणि आकाश एकमेकांना गाठायचे. शेजारची दोन खोरी जोडली गेली. तिसरं हेलिकॉप्टर आलं, चौथं आलं. खालच्या गावात नवं केंद्र बांधून झालं आणि तिथली मोठी कंट्रोल रूम तिने चालवायची ठरली. हाताखाली सात नवी माणसं. ती सातहीजण घरी वीजबिलं वाचत होती.

फक्त कॅप्टन बोलला नव्हता. आधी तीन आठवडे तो वडिलांपाशी राहिला, मग शेजारच्या खोऱ्यातली सेवा सुरू करून द्यायला गेला. रेडिओवर भेट व्हायची ती तीन गोष्टींपुरती. त्याने विचारलं होतं, कोण आहे, आणि तिने सांगितलं नव्हतं. जन्मदात्याचं नाव तिने त्याच्यापासून लपवलं होतं. याला माफी कशी मागतात, तिला ठाऊक नव्हतं.

*

नव्या केंद्राच्या उद्घाटनाच्या सकाळी सगळे खाली गेले होते. जुन्या शेडमध्ये ती आणि मिस्त्रीमामा दोघंच उरले. तिची इथली शेवटची पाळी. मामा भिंतीवरचा फळा काढत होते.

"मामा, हे काय?" तिने विचारलं. सगळा फळा स्वच्छ पुसलेला. खालच्या कोपऱ्यात तेवढा एक आकडा. अठ्ठावन्न.

"मला काय विचारता? सव्वादोन वर्षं रोज फळा पुसतोय, एवढं सोडून. कॅप्टनांची ताकीद आहे. फिकट झालं की स्वतः येऊन गिरवतात." मामांनी चष्मा वर केला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"कंट्रोल, कॅप्टन बोलतोय. एक कॉल आहे. घेता?"

ती जाऊन खुर्चीत बसली. हेडफोन लावला. "बोला."

"अंतर: सहा किलोमीटर. कमी होतंय. हवा: स्वच्छ, अगदी डोंगरापलीकडचं दिसतंय. वजन: चौऱ्याहत्तर."

चौऱ्याहत्तर हा आकडा ती दर सोमवारी पायलटच्या रकान्यात लिहायची. "रुग्णाचं... ऐंशी धरतात," ती कशीबशी म्हणाली.

"हा रुग्ण नाही. अजून तरी कुठल्या डॉक्टरने तसं म्हटलेलं नाही."

"कॅप्टन... कोण आहे?"

"तीन गोष्टी सांगितल्या, कंट्रोल," तो म्हणाला. "हो की नाही?"

तिने बटण दाबलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये एक तिसराच म्हातारा आवाज आला. "पोरी, लवकर सांग गं. वर गार वाजतंय. आणि याने मला मुद्दाम तुझा आवाज ऐकायला आणलंय, पेट्या सोडून."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि जवळजवळ दोन वर्षं घासूनपुसून बसवलेला तो आवाज एका शब्दावर पार कोसळला.

"हो," ती म्हणाली.

खाली नव्या केंद्रात सातहीजणांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, रेडिओ बिघडला.

"आवाजाला काय झालं, कंट्रोल?"

"नोंद घ्या," ती म्हणाली. "आणि उतरा."

हेलिकॉप्टर मैदानात उतरलं. उघड्या खिडकीतून टेबलावरचे कागद भर्रकन उठले, तिने एकालाही हात लावला नाही. तो धावतच आत आला, आणि मग दारात येऊन अडखळला.

"त्या दिवशी नियम मी मोडला होता," तो म्हणाला. "विचारायला नको होतं मी. तुम्ही सांगितलं असतं तर मी धुक्यात गेलो असतो आणि बाबांना न्यायला कुणी उरलंच नसतं. हे कळल्यावर... तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"मला वाटलं, कॉफीचं उत्तर मिळालं."

तिने रजिस्टर उघडलं, चार महिन्यांपूर्वीचं पान काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. समासात, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सायंकाळी पाच चाळीस. कॉफी. कायमची. "नोंद घेतली, असं सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "खरंच घेतली होती."

त्याने ते दोनदा वाचलं. मग कानावरचा खडू काढून तिच्यापुढे धरला. "नव्या केंद्रापर्यंत रस्त्याने दीड तास आहे. हवेतून आठ मिनिटं. बाबा मागे बसलेत, पुढची जागा रिकामी आहे." आणि पहिल्यांदाच म्हणाला, "येतेस?"

इतकी माणसं तिने हवेतून पाठवली होती. स्वतः एकदाही बसली नव्हती. ती वजनकाट्याकडे निघाली, तर मिस्त्रीमामांनी हात आडवा धरला. तिच्या हातातून खडू घेऊन त्यांनी भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर अठ्ठावन्नच्या खाली चौऱ्याहत्तर लिहिलं, रेघ मारली, बेरीज केली. एकशे बत्तीस.

"बसतंय वजनात," मामा म्हणाले. "न्या."